शेंगदाण्याच्या रेतीतला खेकडा

आईला समुद्र दाखवायला नेलं, तेव्हा तिला तिथलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर रेती. आमच्याकडे वाळूला रेती म्हणतात आणि ती ट्रॅक्टरमधून येते, गोट्यांसकट, काड्यांसकट, कधी एखाद्या बाटलीच्या झाकणासकट. कोकणातल्या त्या किनाऱ्यावर मात्र ती नजर पोचेल तिथवर पसरलेली होती, पिठाच्या चाळणीतून काढल्यासारखी. आईने वाकून मूठभर उचलली, बोटांतून सोडून मला दाखवली आणि म्हणाली, "पाय वं, चाळा नाई लागत."

मी अमरावतीला एका शाळेत शिकवते. आई-बाबा अकोल्याला जठारपेठेत राहतात. दोघांनीही समुद्र कधी पाहिला नव्हता. एप्रिल संपता संपता माझी शाळा सुटली, तशी मी त्यांना घेऊन निघाले. जाताना बाबा सारखे म्हणत होते, "पाणीच त हाय. पाण्याले काय पाहायचं?"

किनाऱ्यावर पोचल्यावर त्यांनी पाण्याकडे खरंच पाहिलं नाही. त्यांना खेकडे दिसले.

हे आमच्या नाल्यातल्या काळ्या, आळशी खेकड्यांसारखे नव्हते. रेतीच्याच रंगाचे, उभे राहिले तर दिसायचेच नाहीत, आणि पळाले तर वाऱ्याने कागद उडवावा तसे आडवे पळायचे. डोळे डोक्यावर दोन काड्या रोवाव्यात तसे उभे. जिकडे तिकडे त्यांची बिळं, आणि प्रत्येक बिळाच्या तोंडाशी आतून उकरून फेकलेल्या रेतीचा ढीग. बाबा एसटीत कंडक्टर होते. नोकरीभर ते "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत राहिले आणि नोकरीभर लोक दाराशीच उभे राहिले. इथे त्यांनी नुसता पाय आपटला की दहा पावलांच्या आतला सगळा किनारा रिकामा होत होता. ते संध्याकाळभर पाय आपटत फिरले. इतके खूश मी त्यांना निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं.

इकडे आईने चिवड्याची झाकणाची बादली रिकामी केली आणि तीत रेती भरायला घेतली.

"समुद्र पाहायले आली का रेती न्याले?" बाबा म्हणाले.

"शेंगदाणे भाजायले नेतो. रेतीच खारी हाय, म्हंजे खारे शेंगदाणे आपोआप होतीन. मीठ लावा नाई लागत."

बाबा पुन्हा पाय आपटायला गेले.  आई खाली बसून जिथे रेती आधीच उकरून मऊ झाली होती तिथून ओंजळींनी भरत राहिली. ती कुणी उकरली असेल, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

परतीच्या रेल्वेत भर दुपारी बर्थखालून खरखर ऐकू यायला लागली. बाबा म्हणाले उंदीर आहे. आई म्हणाली, तुमच्या पिशवीतल्या बिस्किटांमुळे आला असेल. बाबांनी उंदराला काही मिळू नये म्हणून सगळी बिस्किटं खाऊन टाकली. खरखर थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने अंगणात पेपर पसरले आणि रेती वाळवायला बादली उलटी केली. ओल्या रेतीचा गोळा बादलीच्याच आकाराचा उभा राहिला. मी पायरीवर चहा घेत बसले होते. गोळ्याच्या माथ्यावरून थोडी रेती घसरली. मग तिथून एक डोळा वर आला. मग दुसरा. दोन्ही डोळे आईकडे वळले.

"अवं माय वं!" आई एवढ्याने ओरडली की गल्लीतल्या कुत्र्याने दोनदा भुंकून तिला दुजोरा दिला.

खेकडा आडवा सुटला. बाबा अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले आणि सवयीने त्यांनी पाय आपटला. ते चुकलं. किनाऱ्यावर खेकडा बिळात जातो, आमच्या घरी बीळ नव्हतं, म्हणून तो बाबांच्या दोन पायांमधून घरात गेला आणि कूलरखाली शिरला.

अकोल्यात त्या दिवसांत कूलर बंद करणं म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. पण पंखा चालू असताना खेकडा आत गेला तर त्याचं काय होईल या विचाराने आईनेच बटण दाबलं. घर दहा मिनिटांत भट्टीसारखं तापलं. मग शेजारच्या चाचांची गरज पडली. चाचांचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. उन्हाळ्यात त्यांना जेवायची फुरसत नसते, पण आईच्या त्या ओरडण्यानंतर ते न बोलावताच दारात उभे होते. त्यांनी जमिनीवर पालथं झोपून कूलरखाली टॉर्च मारला आणि तो तसाच धरून राहिले.

"चाचा, दिसला का?" मी विचारलं.

"बेटा," ते हळूच म्हणाले, "ये तो मेरेकू देख रहा."

कूलरच्या टाकीतून ठिबकलेल्या पाण्याच्या थारोळ्यात तो बसला होता. चाचांनी खराट्याने त्याला बाहेर सरकवलं आणि आईने त्याच्यावर पोळ्यांचं टोपलं टाकलं. टोपल्याखालून कपडे धुवायच्या जुन्या टबात त्याची रवानगी झाली, त्याच्याच रेतीसकट. नंतर त्या टोपल्यात आईने पोळ्या ठेवल्या नाहीत.

आता याचं करायचं काय, यावर अंगणात बैठक भरली. चाचांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली, "इत्ते से का क्या सालन होना!" बाबा जरा दुखावल्यासारखे दिसले. "खायाचं नाव नका काढू," ते म्हणाले. "रेल्वेनं आला तो आपल्यासंग." जणू त्याचं तिकीट त्यांनीच फाडलं होतं.

दुपारपर्यंत खेकडा मलूल झाला. नळाचं पाणी शिंपडलं की तो कोपऱ्यात सरकायचा. मी मोबाइलवर शोधलं. त्याच्या कल्ल्यांना ओल लागते, पण ती खाऱ्या पाण्याची, असं कळलं. आईने स्वयंपाकघरातून मिठाची पिशवी आणली, मग थबकली आणि पिशवी हातात धरूनच म्हणाली, "अवं, खारं पाणी त आपल्या घरचं हाय!"

आपलं घर म्हणजे तिचं माहेर. अकोल्याच्या वर पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणीच खारं आहे. खारपाणपट्टाच म्हणतात त्याला. तिथल्या बोअरच्या पाण्यात वरण शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, म्हणून तिथल्या पोरांना लोक मुली द्यायला कां-कू करतात. बाबा चांदूर रेल्वे या गावाकडचे, गोड्या पाण्याचे. लग्न ठरवायला ते पहिल्यांदा गेले, तेव्हा चहाचा घोट घेऊन त्यांनी भर बैठकीत विचारलं होतं, "चहात मीठ कोणं टाकलं?" ती गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नात सांगितली जाते आणि प्रत्येक वेळी मामा हसत नाही. मामा आईचा धाकटा भाऊ. आता गावात नळ आले, तरी बोअरच्या पाण्यावरून बाबा त्याला अजून सोडत नाहीत. तो घरी आला की विचारतात, "काय साळेबुवा, समुद्र काय म्हंतो?"

आईने त्याला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"भाऊ, बोअरचं पाणी पायजे होतं."

 पलीकडून मामाचा संशयी आवाज. "कायले? भाऊजी बसले का तथी?"

"बसले हायेत. पण चेष्टा नाई करून राहिली रे. घरी खेकडा आला, समुद्राचा. त्याले गोडं पाणी चालत नाई. तुह्या बोअरसारखं पाणी लागते त्याले."

"गोडं चालतच नाई?" मामाने विचारलं.

"नाई."

"म्हंजे चांदूर रेल्वेचं पाणी देलं त मरंल?"

आईने बाबांकडे पाहिलं. "मरंल," ती म्हणाली.

ऊन उतरायच्या आधी मामा मोटरसायकलवर दोन्ही बाजूंना दोन कॅन बांधून हजर झाला. डोक्याला दुपट्टा, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर असं तेज की ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. कुणाला नमस्कार न करता तो सरळ टबापाशी गेला आणि उकिडवा बसला. खेकड्याने एक डोळा त्याच्याकडे फिरवला.

"ये माह्या राजा," मामा म्हणाला आणि ओंजळीने पाणी शिंपडलं.

खेकडा तसाच बसून राहिला. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. बाबा मात्र लांब, दाराच्या चौकटीला टेकून, पेपर वाचत असल्यासारखे. जरा वेळाने खेकड्याने एक पाय हलवला. मग तो आडवा होऊन रेतीत शिरायला लागला. आत जायचा, पायांच्या कवेत रेतीचा गोळा घेऊन वर यायचा आणि लांब भिरकवायचा. तिसरा गोळा मामाच्या शर्टावर पडला. मामाने तो झटकला नाही.

"पायलं का भाऊजी?" तो मोठ्याने म्हणाला. "जनावराले कयते पाणी कोणतं चांगलं ते!"

बाबांनी पेपरचं पान उलटलं.

मामा मुक्कामालाच राहिला. कोण भेटायला येईल त्याला तो आधी पाण्याविषयी सांगायचा आणि मग खेकडा दाखवायचा. गल्ली सगळी येऊन गेली. चाचांच्या घरून रोज माशाचा नाहीतर मटणाचा बारीकसा तुकडा यायचा. आमच्या आईने उकडलेली शेंग देऊन पाहिली. ती खेकड्याने नांगीत धरली, फिरवून पाहिली आणि टबाबाहेर टाकली. "माह्या हातचं कोणालेच आवडत नाई," आई म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली.

एकदा पहाटे मी पाणी प्यायला उठले, तर अंगणात कुणीतरी बसलेलं दिसलं. बाबा होते. मामाच्या कॅनचं झाकण उघडं होतं आणि ते खड्याचं मीठ हाताने चुरून आत टाकत होते. एका बोटाने त्यांनी पाणी चाखलं, तोंड वाकडं केलं आणि आणखी मूठभर टाकलं.

"बाबा, काय करून राहिले?"

ते दचकले. मग मला जवळ बोलावलं. "समुद्राचं पाणी लय खारं असते वं. मी तथी चोरून चाखलं होतं. ह्याचं इतकुसंच खारं हाय. ह्याच्यानं नाई भागत त्याचं."

"मग मामाला सांगा ना."

"काई सांगू नको त्याले," बाबा म्हणाले. झाकण लावून त्यांनी कॅन आधी होता तसाच, मूठ भिंतीकडे करून ठेवला. "लय बोललो मी त्याच्या पाण्याले. या खेपेले त्याचं चालू दे."

सकाळी मामा कॅन उघडून पाणी शिंपडत असताना बाबा नेहमीसारखेच म्हणाले, "काय साळेबुवा, समुद्र काय म्हंतो?" आणि मामा पहिल्यांदाच मनापासून हसला.

मग एका संध्याकाळी टब रिकामा दिसला. रेतीत बीळ होतं, बिळात कुणी नव्हतं. टबाच्या काठापासून ओल्या पायांची टिंबं टिंबं फाटकापर्यंत गेली होती. फाटकाबाहेर, चाचांच्या घरासमोर, पूर्णेच्या रेतीचा अख्खा ट्रॅक्टरभर ढीग पडला होता. चाचा वरती खोली बांधत होते आणि सकाळी मिस्त्री येणार होता.

ढिगाच्या पायथ्याशी ताजं बीळ होतं आणि बाहेर फेकलेल्या रेतीचा पंखा.

"याले काय अक्कल हाय पाय," मामा अभिमानाने म्हणाला. "इतल्या जठारपेठेत बरोब्बर रेती शोधली."

चाचांनी ढिगाभोवती एक चक्कर मारली आणि मिस्त्रीला फोन केला. "कल मत आना. रेती में मेहमान है." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नहीं, इंसान नहीं," चाचा म्हणाले. "इंसान रेती में काहेकू रहेगा?" मिस्त्रीने बहुतेक फोन ठेवून दिला.

आम्ही खणायला सुरुवात केली. घमेली आली, बांधकामाची चाळणी आली. मामा खणायचा, मी घमेलं भरायचे, चाचा चाळायचे, आणि बाबा ढिगाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहून पाय आपटायचे, तिकडून निघू नये म्हणून. जितकं खणावं तितकी वरची रेती घसरून खाली यायची. ढीग गल्लीभर पसरला. दोन स्कूटरवाले अडकले. त्यांना कारण सांगितलं तर तेही उतरून खणायला लागले. शेवटी आई कमरेवर हात ठेवून फाटकात उभी राहिली.

"बंद करा," ती म्हणाली. "इतले जण डोक्यावर नाचून राहिले, तुमी असते त बाहेर आले असते का?"

तिने सगळ्यांना लांब बसवलं. चाचांच्या घरून तळलेल्या माशाचा तुकडा मागवला आणि रेतीवर ठेवला. स्वतः ते पोळ्यांतून बाद झालेलं टोपलं घेऊन पायरीवर बसली. दिवेलागणीची वेळ होती. गल्लीतला एकही माणूस बोलत नव्हता, आणि जठारपेठेत हे याआधी कधी झालं असेल असं मला वाटत नाही. मग ढिगाच्या बाजूने, जिथे कुणीच खणलं नव्हतं तिथून, दोन डोळे वर आले. ते आधी डावीकडे गेले, मग उजवीकडे. खेकडा तुकड्यापाशी पोचला, त्याने एक नांगी पुढे केली आणि आईने टोपलं टाकलं.

टाळ्या वाजल्या. एका स्कूटरवाल्याने खेकड्यासोबत फोटो काढला.

त्या रात्रीच्या जेवणात मामाने प्रस्ताव मांडला, की खेकडा त्याच्या गावी न्यावा. "बोअरपाशी हौद बांधतो. पाण्याची त त्याले सवय झालीच हाय." बाबांनी मान खाली घालून वरण कालवलं.

"नाई," आई म्हणाली. "तथी त्याच्यावाणी दुसरा कोणी नाई. मी आणला, मीच सोडून येतो."

"रेल्वेनं? एका खेकड्यासाठी?" मी म्हणाले.

"सुट्टी हाय ना तुले?"

मी मोबाइलवर तिकिटं काढायला घेतली. मामा म्हणाला, मग तोही येणार, कारण वाटेत पाणी कोण शिंपडणार? अशा रीतीने आम्ही चौघे, एक बादली आणि एक कॅन, पुन्हा निघालो. रेल्वेत बादली आईच्या मांडीवर होती. समोरच्या बाईने विचारलं, आत काय आहे. आई म्हणाली, "पाहुणे," आणि झाकण जरासं उघडलं. ती बाई पुढच्या स्टेशनला डबा बदलून गेली. आम्हाला पाय पसरायला चांगली जागा झाली.

त्याच किनाऱ्यावर, त्याच माडांपाशी, आईने बादली आडवी केली. खेकडा बाहेर आला आणि थांबला. डोळे वर, पाय ताणलेले. मग सुसाट पळाला आणि दिसेल त्या पहिल्या बिळात घुसला. क्षणभरात तितक्याच सुसाट बाहेर आला. त्याच्यामागून एक थोराड खेकडा निघाला होता, नांगी उगारून. ते बीळ त्याचं होतं.

"अरे, भरलेली हाय, भरलेली हाय!" बाबा कंडक्टरच्या आवाजात ओरडले. "दुसरी पाय!"

दुसऱ्या बिळातूनही त्याला हाकललं गेलं. आईने पदर तोंडाशी धरला. मग तो जरा लांब, ओल्या रेतीत गेला, आडवा झाला आणि स्वतःच खणायला लागला. पहिला गोळा बाहेर पडला तेव्हा आईने श्वास सोडला. आम्ही तो पूर्ण आत जाईपर्यंत पाहत बसलो. पण तशीच बिळं तिथे इतकी होती, की वळून पाहिल्यावर त्याचं कोणतं ते मला सांगता आलं नसतं. आई मात्र बोट दाखवून सांगत होती.

मामा एव्हाना पाण्यापाशी गेला होता. त्यानेही समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता. त्याने ओंजळभर पाणी घेतलं, तोंडात खेळवलं आणि थुंकलं. दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"भाऊजी," तो गंभीरपणे म्हणाला, "या गावच्या पोट्ट्यायले पोरी कोण देते?"

बाबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. त्याच वेळी एक मोठी लाट आली. ती मामाच्या गुडघ्यांपर्यंत चढली, आणि परत गेली तेव्हा मामाच्या एकाच पायात चप्पल होती. तो पायाकडे पाहत राहिला, मग पाण्याकडे.

"हे अशी नेते का?" त्याने मला विचारलं.

"परत आणून देते," बाबा बसल्या जागेवरून म्हणाले. "पाय जरा वेळ."

पुढच्या लाटेने खरंच एक चप्पल आणली, पण ती गुलाबी होती, कुण्या लहान मुलीची. मामाने ती उचलून उलटसुलट पाहिली आणि कोरड्या रेतीवर नीट ठेवली, जिची असेल तिला दिसावी म्हणून. मग पुन्हा जाऊन, एक पाय अनवाणी, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आमच्या बसची वेळ झाली होती. आई रस्त्यावरून त्याला हाका मारत होती.

"थांब वं बाई," तो मागे न पाहता म्हणाला. "आणतच असंल आता."